पंपाचा आवाज

किल्ली फिरवली की गाडी घरघरायची... पण काही केल्या सुरू व्हायची नाही. राखी रडकुंडीला आली. चार वाजता बुलढाण्याहून गाडी घ्यायला गिऱ्हाईक येणार होतं आणि उद्या सकाळी आईला घेऊन तिला नाशिकला निघायचं होतं. बाबा गेले, आता धाडमधल्या या घरात आई एकटी कशी राहणार?

तिनं गॅरेजवाल्या वाहेदचाचांना फोन केला. फाटकातून आत आला तो मात्र हर्षल! शाळेत दहा वर्षं सोबत शिकलेला.

"तू? तू तर पुण्याला होतास ना?"

"होतो. वापस आलो. चाचासंग काम करतो आता." त्यानं बॉनेटवरची धूळ हातानं पुसली. "गुरुजीची गाडी काऊन रुसली?"

गुरुजी... किती दिवसांनी कुणी बाबांना असं म्हटलं होतं!

त्यानं बॅटरी पाहिली, प्लग पाहिले. "पेट्रोल वर येऊन नाही राह्यलं. तू बस, किल्ली अर्धी फिरव. मी पंपाचा आवाज ऐकतो."

मागची सीट उचलून त्यानं तिथं कान लावला. राखीनं श्वास रोखून किल्ली फिरवली.

"आला?"

"नाही. अजून एकदा."

पुन्हा किल्ली, पुन्हा शांतता. अंगणातल्या कडुलिंबावर एक होला तेवढा घुमत होता.

"लग्न जमलं काय तुह्यं?"

"त्याचा न् पंपाचा काय संबंध?" नकळत तिच्या बोलण्यात गावचा हेल आला.

"सगळंच तपासा लागते..."

"नाही जमलं. फिरवू किल्ली?"

"फिरव."

सात वेळा झाल्यावर हर्षल म्हणाला, "उंदरानं वायर कुरतडली." त्यानं वायर जोडली, टेप गुंडाळली. सीटखालून बारीक गुणगुण आली आणि पुढच्याच क्षणी गाडी सुरू झाली. राखीचे डोळे भरून आले.

मग एकदम तिच्या ध्यानात आलं. "वायर तर समोरच होती! पहिल्यांदाच दिसली असंन तुले."

"दिसली होती."

"मंग सात वेळा काऊन फिरवाले लावली?"

"आरशात तू दिसत होती..." तो हातातल्या टेपकडे बघत राहिला. "बारावीच्या पेपरले गुरुजी आपल्याले याच गाडीतून घेऊन जात होते. तवा मी रोज ठरवो, आज सांगतो म्हणून. पण समोर गुरुजी! ते रस्ताभर रसायनशास्त्र विचारत... आन् मले तेही येत नव्हतं."

राखी हसली. हसता हसता रडली. कितीतरी वेळ तिनं स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. मग फोन उचलून गिऱ्हाईकाला लावला.

"येऊ नका. गाडी द्यायची नाही... हो, सुरू झाली, म्हणूनच."

फोन ठेवून तिनं शेजारचं दार आतून उघडलं.

"ये, पुढं बस. उद्या मी जाऊन नाही राह्यली. आता सांग."