रुमालावरचा चतुर

असानो नदीच्या बर्फगार पाण्यात चिहाया रंगवलेलं रेशीम खळबळत होती. बोटं बधिर झाली, अन् कापड सुटलं!

"धरा... धरा हो कुणीतरी!"

पुलाखाली होडी दुरुस्त करणारा एक उंच तरुण धाडकन पाण्यात उतरला, अन् कापड कवटाळून कुडकुडत वर आला.

"तुमची बदकं पळून चालली होती."

"पळाली तरी जोडीनंच पळाली असती," ती हसली. "नवरीच्या किमोनोवरची आहेत. जन्मभर साथ सोडत नाहीत."

"अस्सं? आणि त्यांच्यामागे उडी मारणाऱ्याला काय म्हणतात?"

"वेडा!"

त्याचं नाव सोइची. दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या बाबांच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात काही ना काही विचारायला येऊ लागला. सारस कशाला काढता? दीर्घायुष्यासाठी. कासव? त्याहून दीर्घ आयुष्यासाठी. आणि हे... वटवाघूळ?

"तोंड काय वाकडं करता? भाग्य आणतं ते!"

चिहायाचे बाबा कुंचला थांबवून खाकरत. तिचे कान मात्र दाराकडेच लागलेले.

मार्चमध्ये तो आला, तो दारातच घुटमळला. बाबा आत गेल्यावर पुटपुटला, "दूर उत्तरेला, हाकोदातेच्या गोदीत नोकरी लागलीय. रविवारी निघतोय. तुम्ही... याल? कायमच्या?"

तिनं तोंड उघडलं, तसा तो दचकलाच. "आत्ता नको! उत्तर रुमालावर काढून पाठवा. नकार असला तरी... चित्र तरी जवळ राहील."

तिनं नदीवर भिरभिरणारा चतुर काढला. पंखांची एकेक शीर रंगवली. रुमाल पाठवला, मग बाबांना सांगितलं. त्यांनी स्वतःचे तीन कुंचले कापडात गुंडाळून तिच्यापुढे ठेवले. "तिकडे असले मिळायचे नाहीत."

रविवारी ती धापा टाकत स्टेशनवर पोचली. सोइची मान खाली घालून बसला होता.

"निरोप द्यायला आलात?"

"निरोप?"

"चतुर मागे फिरत नाही, म्हणून तर सामुराई तो शिरस्त्राणावर लावत. म्हणजे... जा, वळून बघू नका. असंच ना?"

"शहाणेच आहात! अहो, ते मी माझ्याबद्दल सांगितलं होतं. एकदा ठरवलं की मी मागे फिरत नाही!"

आता कुठे त्याला तिच्या हातातली पेटी दिसली. तो ताडकन उठला, हसला, डोळे पुसले, पुन्हा हसला.

"पण... तिकीट मी एकच काढलंय!"

गाडीची शिट्टी झाली.

"मग बघतोस काय माझ्याकडे?" ती ओरडली. आपण त्याला 'तू' म्हटलं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. "पळ की!"

तो पळाला... भलत्याच दिशेनं.

"अरे, तिकिटाची खिडकी इकडे!"

तिनं त्याचा हात धरला, अन् दोघं धावत सुटली.