कडी लावायची नाही

पावर हाउस स्टेशनजवळच्या बाजारात रिकामी खोकी मागत फिरणं हे काही लग्नाला चारच महिने झालेल्या सुनेचं काम नव्हे. पण त्या दिवशी मोनालीच्या घरात ते करायला दुसरं कोणी नव्हतं. नवरा, धम्मपाल, रेल्वेत सेकंड शिफ्टला. सासरे देवीदास दुर्गच्या नव्या घरात नळवाल्याच्या मागे लागलेले. आणि सासूबाईंनी, सत्यशीलाबाईंनी, अजून एक चमचासुद्धा बांधायला घेतला नव्हता.

सेक्टर ६ मधला क्वार्टर महिनाअखेरीला कंपनीला परत करायचा होता. सासरे स्टील प्लांटच्या कोक ओव्हन भट्टीवरून रिटायर झाले तेव्हापासून मुदतवाढ मागून मागून झाली, आता मागायलाही काही उरलं नव्हतं.

किराणावाल्याने बिस्किटांची खोकी सुतळीने बांधून दिली आणि विचारलं, "शिफ्टिंग है क्या बहू? सब हो गया?"

"सामान का तो हो जाएगा, भैया," मोनाली म्हणाली आणि ऑटोत बसली.

मे महिन्याची दुपार. सेक्टरच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. दोन्ही बाजूंचे क्वार्टर कूलरच्या घरघरीत झोपलेले. फाटकाजवळच्या जांबाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाखाली तेवढी सावली होती. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं.

ते तसंच असायचं. लग्न होऊन ती भंडाऱ्याहून इथे आली, त्याच दिवशी सासूबाईंनी तिला पहिली गोष्ट सांगितली ती स्वयंपाकाची नव्हे, दाराची. "आपला माणूस शिफ्टवर असला का कडी लावाची नाई. थकून आलेल्या माणसाले दार ठोकाले लावू नये." प्लांटवाल्यांच्या घरची ही रीत. ताट झाकून ठेवायचं, दार लोटून ठेवायचं आणि सगळे आले की मग शेवटच्याने कडी घालायची. मोनालीच्या माहेरी दुपारी दार उघडं राहिलं तर शेजारची बकरी आत येऊन पीठ खायची. इथे काय येईल, असं तिने तेव्हा हसत विचारलं होतं. सासूबाई हसल्या नव्हत्या.

आता दार ढकलून ती आत आली, तर सासूबाई खाटेवर बसलेल्या. तोंड दाराकडे, डावा गुडघा दुखतो म्हणून वर घेतलेला, डोळ्यांवर तो चश्मा.

चश्मा म्हणायचा इतकंच. काळ्या प्लास्टिकचं जाडजूड खोकं होतं ते, मागे इलास्टिकचा पट्टा. धाकट्या दिराने, नरेशने, बंगळुरूच्या कंपनीत मित्रांबरोबर बनवलेलं. मोनालीने नरेशला पाहिलं होतं ते भिंतीवर, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखालच्या फोटोत. फोटोतसुद्धा तो हळू बोलत असल्यासारखा दिसायचा.

दुसऱ्यांचे चश्मे माणसाला चंद्रावर नेतात, जंगलात नेतात. नरेशचा घरी आणणार होता. घर एकदा त्या चश्म्याने सगळीकडून पाहून घ्यायचं, मग ते त्याच्या पोटात राहतं; हे घर नरेशने आधीच्या दसऱ्याला आला तेव्हाच तसं घेऊन ठेवलं होतं. आत चालावं तर खरंच चालता येतं. आणि चालताना कुणाला धडकू नये म्हणून समोरचं खरं माणूस त्यात पांढुरक्या उजेडाच्या आकृतीसारखं दिसतं. घालणाऱ्याची आकृती तेवढी दिसत नाही, बाकी सगळ्यांची दिसते.

तिथेच माशी शिंकली. बाजारात आणायच्या आधी लोकांच्या घरी तपासणी केली, तर काही घरांत एक आकृती जास्त दिसायला लागली. घरात असतील त्याहून एक माणूस जास्त. कारण सापडलं नाही. पैसे घालणारे निघून गेले, कंपनी बंद पडली. नरेश एक नमुना पिशवीत घालून घरी निघाला. पावर हाउस स्टेशनवर उतरला, ऑटोत बसला, आणि मोठ्या रस्त्यावरच्या ट्रकने त्याला पुढे येऊ दिलं नाही. पिशवीला ओरखडासुद्धा नव्हता. घरी त्याचं ताट झाकलेलं होतं, दार लोटलेलं होतं. त्याला आता दोन वर्षं होत आली.

"आई, खोके आणले," मोनाली म्हणाली. "आज भांडे बांधू."

"हळू बोल."

"कावून?"

सासूबाईंनी चश्मा काढला नाही. "पायरीवर आला तो," म्हणाल्या. "पह्यले फाटकाच्या बाहेर उभा राहे. मंग जांबाखाली आला. उन्हाळा लागला तवा ओसरीच्या टोकाले होता... आता पायरीवर हाय. एक पाय टाकाचाच बाकी हाय, बाई. अन् तुम्ही म्हणता का घर सोडा."

एवढं सरळ, भाजी निवडताना बोलावं तसं त्या बोलल्या. मोनालीने खोकी खाली ठेवली.

या घरात भुताखेतांना जागा नव्हती. सासरे विहारात नेमाने जाणारे. "आपण प्रतिज्ञा घेतली हाय. श्राद्ध नाई, पिंड नाई, भूत नाई," असं ते ठामपणे सांगत, आणि मोनालीही त्याच वळणात वाढलेली. पण सासूबाईंचंही चुकत नव्हतं. त्यांच्या लेखी हे भूत नव्हतंच. पोराने बनवलेलं सायन्स होतं. सायन्समध्ये दिसतं ते खोटं कसं म्हणायचं?

"पाहून घे एकडाव," म्हणत त्यांनी चश्मा तिच्या हातात दिला.

आतल्या फोमला सासूबाईंच्या खोबरेल तेलाचा आणि घामाचा वास होता. मोनालीने पट्टा ओढला. आधी नुसता अंधार. मग घर आलं. हेच घर, पण तिच्या येण्याआधीचं. जुना हिरवा रंग. सासऱ्यांची सायकल भिंतीला टेकलेली, हॅन्डलला टिफिनची पिशवी. कॅलेंडरवर दसऱ्याचा महिना. कूलरचा आवाज एकदम लांब गेला. उजवीकडे खाटेवर एक पांढुरकी आकृती, एक गुडघा वर घेतलेली, त्या सासूबाई. तिने मान वळवली.

दार उघडं होतं. दारापलीकडे ऊन होतं, आणि उन्हात, पायरीवर, आणखी एक आकृती उभी होती. बारीक अंगाची. एक खांदा खाली झुकलेला, त्या हातात काही जड असावं तसा. डोकं खाली. चपला काढायला माणूस वाकतो, त्याच्या जरा आधी थांबल्यासारखी.

मोनालीने चश्मा ओढून काढला. पायरीवर नुसतं ऊन होतं.

"दिसला?" सासूबाईंनी विचारलं.

"...हो."

"बारीक झाला ना?"

मोनालीने चश्मा त्यांच्या मांडीवर ठेवला. ती खोकी उघडत बसली.

रात्री धम्मपालला तिने सांगितलं, तर तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, "अगं, तोच तर प्रॉब्लेम होता ना. एक आदमी ज्यादा दिखाता था. म्हणून तर विकला नाई." मग भाकरी ताटात ठेवली. "आईच्या समोर बोलू नको. तिले तेवढंच हाय."

"तुम्ही पाहिलं का कधी घालून?"

"नाई," तो म्हणाला. आणि ताट सारून, "मले नाई पाहाचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई जेवून आतल्या खोलीत झोपल्या. सासरे दुर्गला, धम्मपाल शिफ्टला. मोनाली एकटी भांडी कागदात गुंडाळत होती. दार लोटलेलं. ती दाराकडे पाठ करून बसली, तर पाठीला बरं वाटेना. तोंड करून बसली, तर दाराच्या फटीतल्या उन्हाकडेच डोळे जायला लागले. ते ऊन मध्येच जरासं बारीक झालं. ढग असेल. मेच्या आभाळात एक ढग नव्हता.

ती उठली आणि तिने कडी घातली. अगदी हळू, लोखंड वाजू न देता.

बाहेरून कुणी दार ठोकलं नाही. कुणी हाक मारली नाही. नुसतं, काही जड घेऊन बराच वेळ उभा राहिलेला माणूस हात बदलतो ना, तसं सरकल्यासारखं झालं... मग फाटकाची कडी एकदा वाजली आणि सगळं गप्प. कूलरची घरघर परत कानाला लागली. सासूबाई उठायच्या आत तिने कडी काढून ठेवली.

संध्याकाळी सासूबाईंनी चश्मा घातला. मान इकडून तिकडे वळवत राहिल्या.

"फाटकाच्या बाहेर गेला वो," शेवटी म्हणाल्या. "पार बाहेर. पाठ करून उभा हाय." आणि लहान पोरीसारखं मोनालीकडे तोंड करून, चश्म्याच्या त्या आंधळ्या खोक्यातून विचारलं, "कावून गेला असन? आपण तर दार उघडंच ठेवलं होतं ना?"

मोनाली ताटल्या पुसत राहिली. "ठेवलं होतं," म्हणाली. पुसलेली ताटली तिने परत पुसली.

त्या दिवसापासून ती दार लोटायचीही नाही. सताड उघडं ठेवायची. धूळ आली, मांजर आली, एकदा गाय डोकावून गेली. "घरच खाली करून राहिले का लोकाईसाठी?" सासरे वैतागून म्हणाले. दुपारी कुणी पाहत नाही असं बघून ती पाण्याने पायरी पुसायची. तेवढंच तिच्या हातात होतं. रोज संध्याकाळी ती सासूबाईंना विचारायची, "कुठं हाय?" आणि सासूबाई सांगायच्या. जांबाखाली. ओसरीच्या टोकाला. पण दिवस भराभर सरत होते आणि तो हळू चालणारा माणूस होता.

जायच्या दिवशी छोटा हत्ती टेम्पो सामान घेऊन पुढे गेला. धम्मपाल त्याच्याबरोबर गेला. सामान उतरवून परस्पर शिफ्टला जाणार होता. खाट शेवटी काढायची, असं सासूबाईंनी सांगितलं होतं, पण ती काढायची वेळ आली की त्या रडतील, अडून बसतील, असं सगळ्यांना वाटत होतं. तसं काही झालं नाही. चश्मा डोळ्यांवरून काढून त्यांनी खिडकीत ठेवला, पदर सारखा केला आणि उठल्या.

"चला," म्हणाल्या.

"आई, चश्मा?"

"राहू दे. आता त्याचं काम नाई."

ऑटो फाटकाशी उभा होता. सासऱ्यांनी त्यांना हात धरून बसवलं. दुसऱ्या गाडीचे हमाल खाट उचलून बाहेर घेऊन गेले. मोनाली कुलूप घेऊन मागे राहिली. रिकामं घर बोलतं, तसं ते बोलत होतं. प्रत्येक पाऊल दोनदा ऐकू येत होतं. फोटो काढलेल्या जागी भिंतीवर चौकोनी स्वच्छ खुणा. खिडकीत चश्मा.

तो पोचला का, एवढंच तिला बघायचं होतं. त्याला पार बाहेर कुणी घालवलं होतं, हे तिलाच माहीत होतं.

तिने चश्मा घातला. अंधार, मग हिरव्या भिंती, सायकल, टिफिनची पिशवी. ती दाराकडे वळली. पायरीवर कोणी नव्हतं. ओसरीत नव्हतं. जांबाखालीही नव्हतं. मग मान वळवताना उजवीकडे खाट दिसली, जी आता खरंतर बाहेर गाडीत होती.

खाटेवर दोन आकृत्या होत्या. एक आडवी, बारीक अंगाची, गाढ झोपलेली. तिचं डोकं दुसरीच्या मांडीवर. दुसरी बसलेली, डावा गुडघा वर घेतलेला, आणि तिचा हात त्या डोक्यावरून हळूहळू फिरत होता.

बाहेरून हाक आली. "मोनाली, ये वो. ऊन लागून राहिलं."

सासूबाईंचीच हाक. ऑटोतून.

तिने चश्मा होता तिथे ठेवला आणि कुलूप लावलं. वाटेत सासूबाईंचा हात धरून बसली. हात गरम होता, रोजच्यासारखा खरखरीत होता. पण सगळ्या वाटेत त्या हाताने तिचा हात धरला नाही.

दुर्गच्या घराला नव्या रंगाचा वास होता. सासूबाईंनी चहा पिऊन घेतला, घर चांगलं आहे म्हणाल्या. नरेशचा फोटो कुठे लावायचा, हे त्यांनी विचारलं नाही. सासऱ्यांना हायसं वाटलेलं दिसलं. दिवेलागणीला मोनालीने धम्मपालचं ताट झाकून ठेवलं आणि भाकरीचा तवा उतरवला, तर बाहेरच्या खोलीत लोखंड वाजलं.

सासूबाईंनी दाराला कडी घातली होती.

"आई," ती म्हणाली, "हे यायचे हायत अजून. शिफ्टवर हायत."

"सगळे आले ना वो आता," सासूबाई शांतपणे म्हणाल्या आणि खाटेवर जाऊन बसल्या.

सासऱ्यांनी पेपर खाली केला. कडीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. सारी हयात कोक ओव्हनच्या शिफ्टा केलेला माणूस तो. त्या कडीचा अर्थ त्याला सांगावा लागत नव्हता. पेपर पुन्हा वर गेला.

मोनालीने जाऊन कडी काढली. हळूच, पण वाजली.

"लावून घे," मागून सासूबाई कुजबुजल्या. "थकून आला हाय पोरगा... जागा होईल."

तिने कडी लावली नाही. उंबऱ्यात बसली, धम्मपालच्या वाटेकडे डोळे लावून. एकदाच मागे वळून पाहिलं. सासूबाई डावा गुडघा वर घेऊन बसल्या होत्या. त्यांचा हात मांडीच्या वर, रिकाम्या हवेत, हळूहळू फिरत होता. आणि त्या हाताखाली, मांडीवर, कडक इस्त्रीचं लुगडं खोलगट दबलेलं होतं. एका डोक्याएवढं.