राजा आडवा करायचा नाही

ऑक्टोबरात लुआंश्याच्या खाणवस्तीत दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशाच एका दुपारी शाळा सुटल्यावर चितालू सिंकाला ही भूगोलाची शिक्षिका बाना कासोंदेंच्या घरी गेली. काम साधंच होतं. बुद्धिबळ क्लबाचा चांगला लाकडी पट बा मालुबांकडे असायचा. बा मालुबा जाऊन दोन-तीन महिने झाले होते, तरी तो मागायला जायला कोणाचा पाय उचलत नव्हता. बाना कासोंदे ही त्यांची बायको. थोरल्या मुलाचं नाव कासोंदे, म्हणून सगळी वस्ती तिला त्याच्या नावानं हाक मारायची.

ती ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. आतून पट आणून तिनं चितालूच्या मांडीवर ठेवला.

"ने बाई. मला तो घरात नकोच आहे. त्यांच्या जागी कोण खेळणार?"

"मी. पहिल्या पटावर. शनिवारी कित्वेची माणसं सामन्याला येतायत."

"आणि क्लबातले बाप्ये तयार झाले?"

"तयार कुठले! चिबेसा म्हणाला, बाईला पहिला पट दिला तर कित्वेवाले हसतील. म्हटलं, हसू देत. हसणाऱ्या माणसाचं पटावर लक्ष नसतं."

बाना कासोंदेला हसू आलं. "बचाव कोणता खेळशील? बघू नकोस अशी, उभं आयुष्य तेच ऐकत आलेय मी."

"फ्रेंच. बा मालुबा शिकवणार होते, ते राहूनच गेलं. ते शेवटी शेवटी फोनवर धडे बघायचे ना? तेच बघेन म्हणते."

सोलता सोलता तिचे हात थांबले.

"ते नको बघूस," ती म्हणाली. "आधी धडा बघून खुशीत असायचे. मग धड्याशी भांडायला लागले. मग भांडणंही बंद झालं. त्या दिवशी मी बाजारातून आले, तर फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, हे खुर्चीत, आणि समोर काळा राजा आडवा." तिनं शेंगांची टरफलं झटकली. "डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. असेल. पण चितालू, त्या माणसानं जन्मात हार मानून राजा आडवा केला नव्हता. मात होईपर्यंत खेळायचे. समोरचा कंटाळून घड्याळाकडे बघायचा, तरी हे खेळायचे."

चितालू पट काखेत मारून घरी आली. तिचा स्वभावच असा होता की कोणी 'नको' म्हटलं की आधी तिथेच जायचं. शाळेत मुलींना भूगोल शिकवताना ती नकाशावरची सरहद्दसुद्धा अशी दाखवायची, जणू आत्ता ओलांडणार आहे.

तेव्हा वीज दुपारची यायची आणि अंधार पडायला लागला की जायची. विजेबरोबर फोनचं नेटही जायचं, म्हणून शिकायचं ते दुपारीच. धाकटी बहीण लोंबे इस्पितळात रात्रपाळीला होती, ती आतल्या खोलीत झोपलेली असायची. चितालूनं फोन कपाला टेकवला, पट मांडला आणि धडे शोधून काढले. शिकवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. वर फक्त 'काळ्याचा बचाव' एवढं लिहिलेलं. काळपट टेबल, त्यावर पट, आणि लांब बाहीतून बाहेर आलेला एक उजवा हात. तोंड दिसत नव्हतं. आवाज मात्र खोल, घोगरा, दम लागल्यासारखा.

"पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं," आवाज म्हणाला. "आपण आपलं एकच घर सरकवायचं. दार लावून घ्यायचं. आत बसायचं."

पहिला धडा चांगला होता. प्याद्यांची भिंत कशी उभी राहते, पांढऱ्याचं प्यादं पुढे येऊन छाताडावर कसं बसतं, आपला पांढऱ्या घरांवरचा उंट त्या भिंतीमागे कसा कोंडला जातो, सगळं त्यानं नीट उलगडून सांगितलं.

"हा उंट घरातच मरतो," तो म्हणाला. "मरू द्यायचा."

हे चितालूला पटलं नाही. दुसऱ्या दुपारी तिनं धडा चालू असतानाच आपल्या पटावर वेगळी खेळी केली. वजिराकडच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढे घेतलं. उंटाला कडेनं बाहेर पडायची वाट झाली.

पडद्यावरचा हात थांबला.

मग त्या पटावरचं काळं प्यादं हातानं उचललं आणि चितालूनं ठेवलं होतं त्याच घरात ठेवलं. "अस्सं," आवाज म्हणाला, आणि पांढऱ्याची खेळी केली.

चितालूनं धडा थांबवला. चित्र गोठलं. टेबलाच्या कडेवर टेकलेली बोटं मात्र हळूहळू ठोके देत होती... एकामागून एक... वाट बघत असल्यासारखी.

तिनं फोन पालथा घातला. खोलीत ओल्या मातीचा वास पसरला होता. बाहेर पाहिलं, तर अंगणातली माती तापून तांबडी झालेली. इकडचा पावसाळा नोव्हेंबरात, त्याआधी महिनोन् महिने पावसाचा पत्ता नव्हता. हा वास तिला ठाऊक होता. खाणीतून पाळी संपवून वर येणाऱ्या माणसांच्या बुटांना तो असायचा.

लोंबे डोळे चोळत दारात आली. थोरल्या बहिणीला ती 'याया' म्हणायची. "याया, कोण आलं होतं?"

"कोणी नाही. धडा चालू होता."

"धडा खोकतो होय? तुमचं दोघांचं बोलणं ऐकलं मी. तो माणूस तुला काहीतरी झोपव म्हणत होता."

"काय झोपव?"

"ते नाही कळलं. तू 'नाही' म्हणालीस एवढं ऐकलं."

चितालू काहीच बोलली नव्हती. दुपारभरात तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता. पण बहिणीला ते न सांगता तिनं चुलीवर कापेंता मासळी परतायला घेतली, आणि मक्याच्या पिठाची न्शिमा घोटताना मनाशी ठरवलं. सोडायचं नाही. फोन फेकून दिला असता तर शनिवारी कित्वेसमोर ती हात चोळत बसली असती, आणि बा मालुबा कशानं गेले ते कधीच कळलं नसतं.

शुक्रवारी ती पुन्हा बसली. या वेळी पडद्यावर पट आधीच मांडलेला होता. कालचाच डाव, जिथे सोडला होता तिथून.

चितालूनं उंट कडेला काढला. पांढऱ्यानं आपल्या उंटानं तो मारला, तिनं घोड्यानं मारणारा उंट उचलला. कोंडलेला उंट पांढऱ्याचा चांगला उंट घेऊन गेला. तिला बरं वाटलं. पण समोरचा काही कच्चा नव्हता. तो सावकाश, एकेक घर दाबत पुढे आला. तिची दोन प्यादी गेली. मग हत्तींची मारामारी झाली. पांढऱ्याचं एक प्यादं वजीर व्हायला एका घरावर येऊन थांबलं. वासानं आता नाक भरून गेलं होतं. ऊन खिडकीत होतं, पण ते टेबलापर्यंत येत नव्हतं.

"झालं," आवाज म्हणाला. "राजा आडवा कर."

"का?"

"दमलीस. आडवा कर. मग बरं वाटतं."

प्यादं सरकवायला हात पुढे आला आणि बाही मागे गेली. करंगळी दिसली. मधल्या पेरातून वाकडी, नख नसलेली. खाणीत उतरायच्या पाळण्याच्या दोरात सापडलेली ती करंगळी वस्तीतल्या प्रत्येकानं पाहिली होती. त्याच करंगळीनं बा मालुबांनी चितालूला घोडा अडीच घरं कसा जातो ते शिकवलं होतं.

"बा मालुबा..." ती म्हणाली.

श्वास तेवढा ऐकू येत राहिला.

तिच्या हाताला थंडी भरली. उजवा हात आपोआप उचलला गेला आणि राजाकडे निघाला. ती बघत होती. हात तिचा होता, पण जात होता दुसऱ्याच कोणाच्या सांगण्यावरून. बोटं राजाच्या डोक्याला लागली. राजा कलला.

चितालूनं डाव्या हातानं स्वतःचं मनगट पकडलं, नखं रुतेपर्यंत.

"तू बा मालुबा नाहीस," ती म्हणाली. "हात त्यांचा असेल. त्यांनी मला एकदाही सोड म्हटलं नाही. हरत असलीस तर नीट हर, पण उभी राहून हर, असं म्हणायचे. तू कोण आहेस ते तुझं तुला माहीत. राजा मी आडवा करत नाही."

"सगळे करतात..."

"करू देत."

तिनं उजवा हात मागे ओढला. राजा डुलला आणि उभा राहिला. मग डाव्या हातानं तिनं वजीर उचलला आणि पटाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला.

"शह."

पांढरा राजा एक घर सरकला.

"शह."

राजा मागे आला. आता तिला दिसलं, आणि समोरच्यालाही दिसलं असावं. ते प्यादं वजीर व्हायला एक खेळी हवी होती, आणि तेवढी सवड तिचा वजीर त्याला देणार नव्हता. दोनच घरं होती. या घरात शह, त्या घरात शह. असा न संपणारा शह म्हणजे डाव बरोबरीत.

"थांब," आवाज म्हणाला.

"शह. मला घाई नाही. तुला असेल तर सांग. शह."

किती वेळ चाललं कोण जाणे. लोंबे उठून दारात उभी राहिली होती. बहीण डाव्या हातानं एकच मोहरा इकडून तिकडे ठेवतेय, आणि फोनमध्ये कोणीतरी धापा टाकतंय, एवढं तिनं पाहिलं. शेवटी पडद्यावरच्या हातानं राजा सोडला. तो हात पटावरून पुढे आला, मोठा होत होत, पडदा भरेपर्यंत. तळवा उघडा होता. डाव बरोबरीत सुटला की मिळवतात तसा.

"बरोबरी," चितालू म्हणाली. "पण हात मिळवणार नाही."

वीज गेली. फोनही विझला, बॅटरी भरलेली असताना. ओल्या मातीचा वास खिडकीतून निघून गेल्याचं दोघींनाही जाणवलं. लोंबेनं तिच्या मनगटावरचं रक्त पुसलं आणि म्हणाली, "याया, यापुढे तू पुस्तकातून शीक."

शनिवारी कित्वेच्या पहिल्या पटावरच्या खेळाडूनं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. चितालूनं आपलं एक सरकवलं. चहाच्या सुट्टीपर्यंत तो हसत होता. त्यानंतर तो हसला नाही, आणि दिवस कलताना त्यानं हात पुढे करून हार मानली. चिबेसा स्वतः जाऊन थंड बाटली घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवली. तेवढं तिला पुरलं.

माणसं पांगत होती. कित्वेच्या संघातली एक तरुण बाई तिच्याजवळ आली. फेलिस्ता तिचं नाव. बँकेत काम करायची, शेवटच्या पटावर खेळली होती.

"मॅडम, तुम्हाला भेटायचंच होतं. फ्रेंच मी तुमच्याकडूनच शिकतेय."

"माझ्याकडून?"

"फोनवरचे धडे. तोंड दाखवत नाही तुम्ही, पण आवाज लगेच ओळखला. आणि हे." तिनं चितालूच्या उजव्या अंगठ्याजवळच्या भाजल्याच्या जुन्या डागाकडे बोट केलं. "फार कठोर आहात हो. रोज शेवटी राजा आडवा कर म्हणता."

चितालूनं खुर्ची ओढली. "करतेस?"

"अजून नाही. पण काल हात जरा..."

"बस इथे. मोहरे मांड. ती बाई मी नव्हे, आणि तिला कसं अडवायचं ते तुला आत्ता शिकवते. किती दिवस बघतेस हे?"

फेलिस्ता मोहरे मांडू लागली. "मी आता आता बघायला लागले. आधी आई बघायची. तुमचाच हात, हाच डाग. मी शेजारी बसून बघायचे. ती जाऊन येत्या पावसाळ्यात चार वर्षं होतील."

चितालूनं पट अर्धा फिरवला. काळे मोहरे आपल्याकडे आले.

"पांढरे तू घे," ती म्हणाली. "पांढऱ्यानं ती खेळते, मी नाही."

एक पांढरं प्यादं कमी पडत होतं. ते चितालूच्या उजव्या मुठीत होतं, कधी उचललं ते तिला ठाऊक नव्हतं. ती मूठ उघडायला तिला डाव्या हाताची मदत घ्यावी लागली.