शेवई दाताच्या मुळाशी जाते

दुखायचा थांबलेला दात बिघडलाच कसा, हे तिसरीतल्या इरावतीला काही उमजेना. खो-खोत पडून पुढच्या दाताचा टवका उडाला, दात चांगला ठणकला आणि मग आपोआप गप्प बसला. आता हिरडीवर ही पुवाची पुळी! तीही नेमकी अवकाशस्थानकाच्या सहलीच्या आदल्या दिवशी.

"आजोबा, दात बुजवून टाका ना पटकन! अख्खा वर्ग चाललाय उद्या," ती रडकुंडीला आली.

भाऊआजोबांचं उभं आयुष्य लोकांचे दात वाचवण्यात गेलं होतं. "आ कर बघू, राणी," म्हणत त्यांनी हिरडी सुन्न केली, दाताला मागून बारीक भोक पाडलं आणि आपला लाडका यंत्रमानव आत सोडला. शेवईएवढा बारीक, म्हणून त्याचं नावच शेवई. पडद्यावर दाताच्या मुळातली अंधारी नळी दिसली. तिच्या भिंतींना बुळबुळीत थर चिकटला होता.

"ही जंतूंची वस्ती. तुझी दंतमज्जा (दाताच्या आतला मऊ, जिवंत भाग) मेली गं. मग दुखणार कुठून?"

शेवईने जंतुनाशकाचे फवारे मारले, ध्वनिलहरींनी ते घुसळले. याला म्हणतात निर्जंतुकीकरण (जंतू नाहीसे करणे). मग शेवई बाहेर येऊन म्हणाली, "कानाकोपऱ्यात अजून जंतू आहेत. औषध भरून काही आठवडे थांबायला हवं. उपचार अर्धवट असताना अवकाशात जाता येत नाही."

"म्हणजे सहल गेली!" इरावतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "आजच बुजवलं तर?"

"जंतू आत कोंडले जातील. शेवटी दातच काढावा लागेल, बाळा." आजोबांनी तिचे गाल पुसले.

इरावतीला एकदम तिची बरणी आठवली. उन्हाळ्यात तिने हट्टाने स्वतः लोणचं भरलं होतं, तेही घाईघाईने, ओल्याच बरणीत. वरून झाकण घट्ट आणि आत नुसता बुरा!

"त्या बरणीसारखं होईल?"

"अगदी तस्सं."

"मग... नीट धुवा," ती नाक ओढत म्हणाली. आजोबांनी तिला पोटाशी धरलं.

काही आठवड्यांनी नळी लख्ख झाली. इरावतीच्या दाताचं मूळ कोवळं, टोकाशी अजून उघडं होतं. शेवईने तिथे हलकेच टोचलं. थोडं रक्त आत आलं, त्यासोबत मूळपेशी (ज्यांच्यापासून नव्या पेशी घडतात त्या) आल्या. वरून आजोबांनी दंतसिमेंटचं घट्ट झाकण बसवलं. हळूहळू मुळाच्या भिंती जाड झाल्या, टोक मिटलं.

पुढच्या वर्षीच्या सहलीत इरावतीने थेट अवकाशातून आजोबांना व्हिडिओ फोन लावला. "आजोबा, माझ्या मागे बघा, पृथ्वी!"

"बघतो गं, बघतो," आजोबा डोळे पुसत म्हणाले. "आधी जरा मोठ्ठं हस पाहू!"