शेजारच्या सीटवरचा पंप

दिवा मंदच राहू दे रे. आणि मध्ये हसायचं नाही. एझ्रा कून्ट्झ आणि मी एकाच मालकाच्या गॅरेजात कामाला होतो, हे त्यानं स्वतः मला सांगितलंय.

तेव्हा शर्यतीच्या गाडीत दोघं बसायचे. उजवीकडे ड्रायव्हर, डावीकडे मेकॅनिक. मेकॅनिकनं हातपंपानं टाकीत हवा भरत राहायची, तरच पेट्रोल इंजिनात जायचं. मैलभर हात थांबला की गाडी ठप्प. राबायचा एझ्रा, टाळ्या ड्रायव्हर लॉयल ट्रिम्बलला. वर लॉयलचा टोमणा, "हवा मार लेका! लोक मला बघायला आलेत."

एझ्रा जळून खाक व्हायचा. इंजिन यानं बांधायचं आणि पोरी लॉयलच्या मागे! दोन हंगाम, सात शर्यती, आणि जुलैत गाडी कुंपणावर आदळली. एझ्रा बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. लॉयल गेला. एझ्रा रडला, नाही असं नाही. पण मालकानं गाडी त्याच्या हाती दिली, तेव्हा त्याला हसू आवरेना.

१९१३ साल. सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या आदल्या रविवारची रात्र. गाडी चार मैलांवरच्या जत्रेच्या मैदानात न्यायची होती, सकाळी शर्यत. इथलीच, मक्याच्या शेतांमधली सडक.

"मैलामैलाला थांबून हवा भर," मालकानं बजावलं.

खुशीच्या भरात एझ्रा थांबायचंच विसरला. दुसरा मैल सरला. गाडी पळतेच आहे. हवेचा काटा भरलेला. आणि डावीकडून… फुस… फुस…

सीट रिकामी. पंपाचा दांडा खालीवर होतोय.

"ल… लॉयल?"

…

दुसऱ्या कुणी देवाचं नाव घेतलं असतं. पण मत्सर फार वाईट, पोरांनो. एझ्रा ओरडला, "आता तू मार हवा! उद्या लोक मला बघायला येणार!"

पंप थांबला.

मग सुरू झाला. जोरात. अजून जोरात. एझ्रानं पाय काढला… वेग कमी होईना. स्विच बंद केला. इंजिन मेलं. गाडी थांबली.

पंप चालूच. फुस… फुस…

एझ्रा मक्यात घुसून पळत सुटला.

पहाटे मालक आणि एझ्राबरोबर मीही तिथं गेलो. गाडी होती तिथंच होती. दव इतकं, की बॉनेटवरून थेंब गळत होते. डावी सीट चिंब. एझ्रा उजवीकडे चढायला गेला, आत बघितलं, आणि तसाच खाली उतरला. पुन्हा जन्मात त्यानं स्टिअरिंग धरलं नाही.

ड्रायव्हरची सीट कोरडी होती. मी हात लावून पाहिला…

गरम होती.