दहा मिनिटांचं घड्याळ

दारावरची बेल वाजली, आणि माझ्या धाकटीचं बोट दचकून लॅपटॉपच्या एंटरवर पडलं.

"गेलं...!" ती किंचाळली. मी बटण शिवत होते, सुई बोटात घुसली.

दार उघडलं, तर खांद्यावर तारेचं वेटोळं अडकवलेला एक उंच मुलगा. "इमारतीची इंटरनेटची लाइन तपासायला आलोय, काकू."

धाकटी त्याच्या अंगावरच गेली. "तुमच्या बेलमुळे माझं बोट पडलं!"

"मी बेल दाबली. एंटर तुम्ही दाबलं."

"मी विचार करत होते—"

"किती वेळ?"

"पाऊण तास," मी म्हणाले. भिडेखातर खोटं बोलायची मला सवय नाही.

तो हसला नाही. तिथेच धाकटीला तो आवडला, असं ती पुढे म्हणाली.

धाकटी नेटवर्क इंजिनिअरच्या प्रमाणपत्राची परीक्षा देत होती. मी चौथी शिकलेली. मला तिनं समजावलं ते एवढंच. लांबच्या मशीनकडे जायला रस्ता एक, आणि त्याच रस्त्यावर कुणाला सोडायचं, कुणाला नाही, याचे नियम लिहायचे. नियम चुकला की आपल्यालाच दार बंद. परीक्षेत दोनदा तिनं हेच केलं होतं, स्वतःच्या हातानं स्वतःला बाहेर कोंडलं होतं. तिसऱ्यांदा नापास झाली तर ऑफिस या कामावरून काढणार होतं. दुसऱ्या निकालाला मी म्हणाले होते, "झेपत नाही ते अंगावर घ्यावं कशाला?" माझी जीभ म्हणजे कात्री. तेव्हापासून पोरीचं बोट एंटरवर अडायला लागलं. चूक माझीच, हे मला कळायचं. पण कबूल कोण करतंय!

आताही नियम चुकून तसंच झालं होतं. सरावाचं मशीन शहराच्या दुसऱ्या टोकाला, बंद ऑफिसात. आणि ही बाहेर.

तारवाल्यानं वाकून स्क्रीन वाचली. "आधी घड्याळ नाही लावलं?"

"कसलं घड्याळ?" मी विचारलं.

"मशीनला सांगून ठेवायचं, काकू, दहा मिनिटांनी बंद होऊन पुन्हा चालू हो. नियम चुकला तरी ते उठताना जुनंच आठवून उठतं, आपण परत आत. पण नियम नीट बसला, तर आधी घड्याळ काढायचं. नाहीतर जमलेलंही जातं."

"पुस्तकात आहे ते," धाकटी पुटपुटली.

"पुस्तकात असतं. भीतीत आठवत नाही."

मग तो दर रविवारी यायला लागला. लाइन एवढी कशी बिघडते, हे मी विचारलं नाही. तिचं बोट एंटरवर अडलं, की तो टेबलावर आपलं बोट टेकवायचा, तिच्यापासून वीतभर लांब. मी बटणं शिवता शिवता ते अंतर मोजायची. विताची चार बोटं झाली... चाराचं एक.

"खांबावर चढताना भीती नाही वाटत तुला?" तिनं एकदा विचारलं.

"वाटते ना. म्हणून पट्टा बांधतो. ज्याला वाटत नाही, तोच पडतो."

"आणि आत्ता?"

"आत्ता... पट्टा नाहीये," तो म्हणाला, आणि त्यानं चोरून माझ्याकडे बघितलं.

परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. त्याचा गुडघा हलत होता. "स्वस्थ बस की रे!" मी दटावलं. मग पाहिलं, तर माझाही हलत होता. माझ्या त्या एका वाक्यानं पोर आत पुन्हा गोठली असेल तर? चार तास मी तोंडात पाणी घेतलं नाही.

ती बाहेर आली. हातात कागद, चेहरा पांढराफटक.

"पास," ती म्हणाली. "पुन्हा बाहेर कोंडले गेले होते, आई. पण घड्याळ लावलं होतं."

"मग दहा मिनिटं काय केलंस?" त्यानं विचारलं.

"तुझा विचार." आणि बोलून स्वतःच घाबरली. पण मागे हटली नाही... माझीच पोर. "ऐक. घड्याळ लावून विचारते. लग्न करशील माझ्याशी? दहा मिनिटांत उत्तर नाही आलं, तर सगळं होतं तसं. तू लाइनवाला, मी शिकणारी. कुणी काही बोललं नाही."

बसथांब्यापर्यंत तिघंही मुकाट चाललो. वाऱ्यानं तिच्या हातातला कागद फडफडत होता. मी मनगटावर पाहिलं. सहा मिनिटं. आठ. तो सारखा माझ्याकडे बघत होता, खांबावरून जमिनीकडे बघावं तसा.

नववं मिनिट लागलं. ती मान खाली घालून कागदाची घडी करायला लागली, आणि मला राहवलं नाही.

"अरे, माझ्या तोंडाकडे काय बघतोस? मी काय खाणार आहे तुला? बोल!"

"हो," तो एकदम म्हणाला. "केव्हापासून हो."

धाकटी नुसती बघत राहिली. डोळे भरलेले, पुतळा झालेला. मनगटावरचा काटा पुढे सरकतच होता.

"अगं, बघतेस काय!" मी ओरडले. "आधी घड्याळ काढ!"

तिनं हात पुढे करून त्याचं बोट घट्ट धरलं. "काढलं," ती म्हणाली.