पिवळ्या रेघेपलीकडची भाकरी

चांद्रवस्तीच्या सराव-घरात सकाळपासून स्वयंपाकघरातला हिरवा दिवा लागत नव्हता, आणि यानचालक कृत्तिका निमकरचा जीव त्या दिव्यात अडकला होता. वस्तीवर जोडपीच जाणार. तिथे घरकाम एकाच्याच अंगावर पडलं, तर थकल्या हातून चूक होणार, आणि चंद्रावर चूक म्हणजे मरण. नवऱ्याच्या हातांनी दिवा लावला नाही, तर दोघंही बाद.

तिच्या नवऱ्याच्या, श्रीपादच्या हातांत करस्मृतिमापक मोजे होते; हात न ठरवता, आपोआप कामाला लागले तरच दिवा लागणार. समोर परातीत तांदळाची उकड. हात मात्र गप्प.

"पुजाऱ्याचा मुलगा," कृत्तिका पुटपुटली. "घंटा आणि पळी, एवढंच हातांना ठाऊक."

"तसं नसतं गं," मापक घडवणाऱ्या डॉ. रुबीना परकार म्हणाल्या. "ठरवून केलेलं काम थकलं की सुटतं. लहानपणी हातांनी केलेल्या कामाची खूण मात्र मज्जातंतूंत राहते. धर्म, रिवाज तिथेच मुरतात. पण ज्या प्रसंगी खूण पडली, तो पुन्हा उभा राहिला तरच ती जागी होते. आमचे अब्बा रमजानात पहाटेच्या सहेरीचा चहा डोळे मिटून करायचे. इतर महिने कप उचलतील तर शपथ!"

कृत्तिका धुळीच्या सरावाला गेली. परतली ती नकली चांद्रधूळ माखून. अंग स्वच्छ होईपर्यंत दारातल्या पिवळ्या रेघेपलीकडे बसायचं, कशालाही हात लावायचा नाही.

"शिवू नका रे मला!" ती तिथूनच ओरडली.

श्रीपादचे हात दचकले. मग पिठावर उतरले. गोळा वळला, तळवा फिरला, भाकरी चंद्रासारखी गोल वाढत गेली. हिरवा दिवा!

"अगं बाई!" कृत्तिका धूळ विसरून रेघ ओलांडून धावली. दिवा विझला. ती मागे सरकली. लागला.

रुबीना हसून हसून खुर्चीत कोसळल्या.

श्रीपाद ओशाळला. "आई दर महिन्याला बाजूला बसायची. तेव्हा बाबा चुलीशी, मी परातीशी."

कृत्तिकाचं हसू मावळलं. "आणि त्या गोठ्याशेजारच्या खोलीत बसून आईंना काय वाटायचं, ते तुझ्या हातांना ठाऊक आहे?"

त्याची मान खाली गेली. पण हात थांबले नव्हते.

तिने रेघेकडे पाहिलं, मग आपल्या पाठीमागच्या चालक-कक्षाकडे. अचानक तिचे डोळे लकाकले.

"रुबीनाताई, वस्तीवर रेघ चालक-कक्षाच्या दारात आखा. आईंना बाहेर बसवायचे. मी आत बसेन, यानाच्या सुकाणूपाशी. रोज! शिवायचं नाही मला!"

आणि ती गुणगुणू लागली,

"चांदाच्या गं माळावरी, मांडली मी शिवाशिव,
धन्याच्या गं हातामंदी, भाकरीला आला जीव."

श्रीपादने गरम भाकरी ताटात घालून रेघेवरून सरकवली. "म्हणजे जन्मभर ही रेघ?"

"आपल्यापुरती." तिने तुकडा मोडला. "आपलं पोर तुझ्या शेजारी रोज भाकरी थापत वाढलं, तर त्याच्या हातांना जागं व्हायला कोणता प्रसंग लागेल?"

त्याने पुढचा गोळा हातात घेतला.

"भूक," तो म्हणाला.